सरूआक्काचा पिठाचा पिच्चर

सरूआक्कांच्या गिरणीत दळण घेऊन गेलात, तर त्या आधी डबा बघत नाहीत. तोंडही बघत नाहीत. पाय बघतात. आणि पायांत त्यांना काही सापडलं, तर म्हणतात, "डबा ठिवा हितं. आता त्या चिंचेपतुर मागं जा, आन पयल्यागत चालत या."

नव्या माणसाला वाटतं, आपण चपला घालून आत आलो की काय. तो ओशाळून चिंचेपर्यंत जातो आणि परत येताना साहजिकच नीट चालायला बघतो. मग आक्का चिडतात. "आसं न्हाई वो! मगाशी आला तसं. ह्ये काय नवरदेवागत चालताय!" आता स्वतःची चाल कुणाला आठवते का? करून बघा. आपण कसे चालतो हे आठवत चालायला लागा, दहाव्या पावलाला पाय पायात अडकतात.

आमच्या विंझरच्या ग्रामपंचायतीत बाळासाहेब निवडून आले, त्यानंतर आठवड्याभराने ते स्वतः गहू घेऊन गिरणीत आले. आक्कांनी त्यांना तीनदा चिंचेपर्यंत पिटाळलं. तिसऱ्या फेरीला बाळासाहेब घामाघूम. आक्का म्हणाल्या, "निवडणुकीच्या आधी आलासा तवा छाती म्होरं व्हती. आता पोट म्होरं आलंय. कुठलं धरू?" बाळासाहेबांनी त्यानंतर महिनाभर दळण गड्याच्या हातून पाठवलं.

मी मूळचा भोरचा. विंझरला रस्त्याकडेला माझं मेडिकल आहे आणि मेडिकल आणि गिरण यांच्यात एकच भिंत. त्या भिंतीला कुठे फट आहे ते मला अकरा वर्षांत सापडलेलं नाही, पण पिठाला सापडलेलं आहे. पहिल्या वर्षी मी तक्रार घेऊन गेलो होतो. म्हटलं, "आक्का, तुमचं पीठ माझ्या औषधांवर येतं."

"आन तुमच्या औषधाचा वास माझ्या पिठाला येतो," आक्का म्हणाल्या. "मी काय बोलली का?"

विषय संपला. तेव्हापासून आमचं बरं आहे. त्या मला नावाने हाक मारत नाहीत. 'मेडिकल' म्हणतात. "अवं मेडिकल, चा घेता का?"

आक्का साठीच्या पुढच्या. काटक. भुवया कायम पिठाने पांढऱ्या, त्यामुळे त्यांना जगाचं सतत नवल वाटतंय असं वाटतं. मालक जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून गिरण एकट्या चालवतात. मुलगा चाकणला कारखान्यात आहे. त्याने आईला मोबाईल घेऊन दिला तो रविवारी तोंड बघता यावं म्हणून. त्याचं तोंड बघून झालं की आठवड्यातले उरलेले सहा दिवस आक्का जगाची तोंडं बघायच्या, आणि अशाच बघताना एका दुपारी त्या मोबाईल नाचवत माझ्या दुकानात आल्या.

"मेडिकल, ह्ये मीठ हाय का पीठ?"

मोबाईलवर कुठल्याशा परदेशातली एक बाई खालून उजेड असलेल्या काचेवर बोटांनी चित्र काढत होती. पक्षी काढला, पुसला, पुन्हा जरा पुढे काढला, आणि पक्षी उडायला लागला. मी म्हटलं, "वाळू आहे आक्का. याला अ‍ॅनिमेशन म्हणतात. एकेक चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, थोडं बदलायचं, परत फोटो घ्यायचा. भराभर दाखवलं की हलल्यासारखं दिसतं."

आक्का बराच वेळ त्या पक्ष्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाळू कशाला? आपल्याकडं पीठ हाय की."

माझी चूक एवढीच की मी हसलो नाही. उलट जुन्या शोकेसची एक काच माझ्याकडे पडून होती ती देऊन टाकली, आणि त्यांच्या मोबाईलमध्ये फोटो जोडून पळवणारं एक अ‍ॅप घालून दिलं. समजावून सांगितलं, "एका सेकंदाला बारा चित्रं धरा."

आक्कांनी मनाशी काहीतरी जुळवलं. "म्हंजी माणूस चिंचेपासनं गिरणीपतुर यायचा तर?"

"शंभर-सव्वाशे चित्रं काढावी लागतील."

"एवढीच?" आक्का म्हणाल्या.

दोन लाकडी खोक्यांवर काच, काचेखाली तिरपा ठेवलेला कपाटाचा आरसा, दारातून येणारं ऊन आरशावर, तिथून वर काचेवर. वर आडव्या फळीला भोक पाडून त्यावर मोबाईल पालथा. असा आक्कांचा स्टुडिओ तयार झाला. अडचण एकच होती. गिरण चालू असली की काच थरथरते आणि पीठ आपोआप चालायला लागतं, त्याला आक्कांची गरज राहत नाही. त्यामुळे काम करायचं ते लाईट गेल्यावर. उभ्या वेल्हे तालुक्यात लाईट गेल्यावर ज्यांचा चेहरा उजळतो अशा आक्का एकट्याच. लाईट परत आली की बाहेर डबे घेऊन बसलेल्या बायका ओरडायच्या, "आक्का, लाईट आली!"

"आली तर आली," आतून उत्तर. "काचेवर किसननानांचा पाय हवेत हाय. खाली टेकवल्याबिगर मला येता न्हाई यायचं."

पहिला पिच्चर चार सेकंदांचा होता. कणकेचा गोळा वरून पडतो आणि उडतो. मी बघितला. गोळा पडला, उडाला, सगळं बरोबर. पण तो कणकेचा न वाटता दगडाचा वाटत होता. आक्का तडक घरात गेल्या, आणि मी सहज डोकावलो तर खरीच कणीक मळून तिचा गोळा फरशीवर आपटत बसलेल्या. संध्याकाळी माझ्या काउंटरवर हात टेकून म्हणाल्या, "चुकलं मेडिकल. पडलं की वस्तू बसती. उठताना लांब व्हती. गोळा भुईला टेकला तवा चपटा करायला पायजे व्हता, आन उडाला तवा काकडीगत."

दुसऱ्या खेपेला गोळा असा काही उडाला की माझ्या हातून खोकल्याच्या औषधाची बाटली निसटता निसटता राहिली. मी नंतर शोधलं, तर अ‍ॅनिमेशनच्या शाळेत हाच पहिला धडा असतो. आक्कांना सांगितलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "ह्ये शाळंत शिकिवत्यात? कणीक मळत न्हाईत का तितली माणसं?"

मग त्यांनी माणसं चालवायला घेतली, आणि इथून गावाचा छळ सुरू झाला. कारण आक्कांना कुणीही 'साधारण माणूस' नको होता. त्यांना डाव्या पायाने लंगडणारे किसननाना पाहिजे होते, शेवंता पाहिजे होती, टेम्पोवाला गौतम पाहिजे होता. डोक्यावर डबा घेऊन येणाऱ्या शेवंताची मान कशी हलत नाही आणि सगळी हालचाल कमरेत कशी उतरते, हे त्यांनी मला अर्धा तास समजावलं. त्या अर्ध्या तासात तीन गिऱ्हाइकं औषध न घेता गेली. गौतम टेम्पोतून उतरतो तेव्हा उतरत नाही, उडी मारतो, आणि जमिनीला पाय लागल्यावर दोन बारक्या उड्या फुकटच्या मारतो, हेही मला त्यांच्यामुळे कळलं. अकरा वर्षं मी त्याला बघत होतो.

त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य म्हणजे, "आधी मागं, मग म्होरं." डबा उचलणारी बाई आधी गुडघ्यात खाली जाते, मगच वर येते. उडी मारणारा आधी दबतो. हे त्यांनी शोधून काढलं आणि त्याच दिवसापासून ते जगाला लावायला सुरुवात केली. मांजर झेप घेताना आधी मागे सरकतं. स्टँडावरची एसटी आधी रिव्हर्स घेते. बाळासाहेब पहिल्यांदा पडले होते, मग निवडून आले. "आधी मागं, मग म्होरं," आक्का समाधानाने म्हणायच्या, जणू बाळासाहेबांची निवडणूकही त्यांनीच काचेवर बसवली होती.

आमचं भांडण झालं ते तोंडांवरून. आक्कांच्या माणसांना नाक, डोळे, तोंड काहीच नव्हतं. पिठाचा एक ठिपका म्हणजे डोकं. मी म्हटलं, "आक्का, टीव्हीवरची कार्टून बघा, कसे मोठे मोठे डोळे असतात. हसलं-रडलं लगेच कळतं. याला भाव कसे येणार?"

"तोंड खोटं बोलतंय मेडिकल," आक्का म्हणाल्या. "गुडगं न्हाई बोलत."

पिठाबद्दलही त्यांचं मत पक्कं झालं होतं. तांदळाचं उडतं, गव्हाचं बोटाला चिकटतं, बेसनाच्या गुठळ्या होतात. नाचणी ऐकते. पातळ पसरली की तांबूस धुकं, जाड ठेवली की काळाकुट्ट माणूस. "आन गंमत बगा," त्या एकदा म्हणाल्या, "खालनं उजेड आला की समद्यांचं पीठ काळंच दिसतंय. बासमतीचं असू दे न्हाईतर रेशनचं."

मी एकदा हळहळलो, की एवढी सुंदर चित्रं, एकही शिल्लक राहत नाही. आक्कांनी हातातला कुंचला तसाच धरून माझ्याकडे बघितलं. "पुसल्याबिगर म्होरला पाय कुठनं येणार?"

सगळं असं मजेत चाललं होतं, तोवर गावात कुजबूज सुरू झाली. अन्नाशी खेळ मांडलाय. म्हातारपणी चळ लागलाय. लोकांच्या दळणातलं पीठ काढून चित्रं करती. यातलं शेवटचं वाक्य पहिल्यांदा कोण बोललं ते कळलं नाही, पण चिंचेखाली ते मोठ्याने बोलले बाळासाहेब. आक्कांनी दारात उभं राहून उत्तर दिलं. "भितीवर उडून बसलेलं झाडून घेती म्या. त्ये तसंबी म्हशीला जातं. म्हशीच्या आधी चार दिस माझ्याकडं ऱ्हातं, एवढंच!" पण खरी गोष्ट सांगितल्याने कुजबूज थांबली असं कधी झालंय का? पंधरा दिवसांत निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्या गावच्या गिरणीत जायला लागली. शेवंतासुद्धा मान वळवून पुढे जायची. लाईट असतानाही गिरण बंद राहायला लागली. पहिल्यांदाच आक्कांना पिच्चरसाठी दिवसच्या दिवस मोकळा मिळाला, आणि त्याचा त्यांना काही आनंद झाला नाही. चहाला हाक येईना. भिंतीला कान लावला तर नुसता पिठावरून कुंचला फिरल्याचा आवाज. तोही मला ऐकू येत होता की भास होता, सांगता येत नाही.

अशात निनादसर आले. पुण्यात त्यांचा जाहिरातींसाठी कार्टून करायचा स्टुडिओ आणि पानशेतला धरणाकाठी घर. पाबे घाटातली वळणं त्यांच्या बायकोला लागली होती, म्हणून ते माझ्याकडे उलटीची गोळी घ्यायला थांबले. माणसाचा धंदा कळल्यावर मला राहवेना. मी त्यांना शेजारी नेलं. आक्कांनी मोबाईल पुढे केला.

तोवर पिच्चर जवळजवळ पुरा झाला होता. चार मिनिटांचा. नुसती गावातली माणसं एकामागून एक चालत गिरणीकडे येतात. निनादसर दळणाच्या डब्यावर बसले आणि सलग दोनदा बघितला. बायको गाडीत हॉर्न वाजवत होती. शेवटी म्हणाले, "आक्का, तुम्ही हे कुठं शिकलात?"

"हितंच. दारात."

सरांनीच सांगितलं, की भोरला पुढच्या महिन्यात छोट्या पिच्चरांचा एक दिवस आहे. बाहेरून परीक्षक येतात, सभागृहात पडद्यावर दाखवतात. हा पिच्चर तिथे जायलाच पाहिजे. "फक्त थोडा साफ करून घेऊ. उजेड सारखा कमीजास्त होतोय. हालचालीला धक्के आहेत. मी कॉम्प्युटरवर करून देतो, आक्का. माझ्याकडून भेट समजा." माणूस मनाने चांगला होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे काय झालं ते ऐकून तुमचा गैरसमज होईल.

आठवड्याने साफ केलेला पिच्चर माझ्या मोबाईलवर आला. मी थक्क झालो. उजेड एकसारखा. माणसं अशी चालत होती, जशी तेलावरून घसरतायत. सरांनी हौसेने सगळ्यांना छोटे छोटे डोळेही दिले होते. मी धावत शेजारी गेलो. आक्कांनी पहिल्या माणसालाच थांबवलं.

"ह्यो कोण?"

"किसननाना की."

"नाना न्हाई. ह्येचा गुडगा बरा झालाय." आक्कांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. "तुमी कुठलं औषिद दिलं का?"

मी सरांना फोन लावून दिला. सर समजावत होते, की उजेडाची ही थरथर राहिली तर परीक्षक पहिल्याच फेरीत बाजूला काढतील. आक्का ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "सर, तुमी लई मेहनत घेतली, तुमचं लई उपकार. पर ढग आला की उजेड हालणारच. म्या काय ढगाला सांगू? आन नाना लंगडत्यात. त्येंचं लंगडणं काडलं तर नानाच निघून गेलं की वो."

पाठवायचं काम माझ्याकडे होतं, कारण अर्ज इंटरनेटवरून भरायचा होता. शेवटच्या दिवशी दुपारी मी काउंटरवर बसलो. मोबाईलमध्ये दोन्ही पिच्चर. आता खरं सांगतो. मला वाटत होतं की आक्कांना कळत नाही. गाव पाठ फिरवून बसलंय, एक बक्षीस मिळालं तर सगळ्यांची तोंडं बंद होतील. पिच्चर गुळगुळीत आहे म्हणून कुणी बक्षीस नाकारलंय का? साफ केलेला पाठवायचा आणि आक्कांना नंतर सांगायचं, असं मी ठरवलं. बोट बटणावर नेलं.

तेवढ्यात दारात सावली पडली. किसननाना, गुडघ्याला चोळायचं मलम घ्यायला. मी वर बघितलं. उजवा पाय उंबरठ्याच्या आत आला. मग नाना थांबले. डावा पाय बाहेरच. तो यायचं की नाही याचा जणू विचार करत होता. मग नानांनी कंबरेतून एक हिसका दिला, आणि डावा पाय राग आल्यासारखा फरशीवर येऊन पडला. असंच, अगदी असंच, ढगाच्या थरथरत्या उजेडात मी हे काचेवर बघितलं होतं.

"काय बगतोयस?" नाना म्हणाले.

मी नानांना मलम दिलं आणि आक्कांचा पिच्चर पाठवून दिला. लंगड्या गुडघ्यासकट.

निवड झाल्याचा निरोप आला तेव्हा आक्का एवढंच म्हणाल्या, "व्हय का?" आणि काच पुसायला लागल्या. पण गावात बातमी गौतमने पसरवली, आणि अशी पसरवली की प्रत्येकाला स्वतंत्र सांगितलं, "तुमी हायसा त्या पिच्चरमधी." झालं. आपली बेअब्रू झाली असेल तर ती डोळ्यांनी बघितली पाहिजे, या एका विचाराने त्या दिवशी सकाळी गौतमच्या टेम्पोत बावीस माणसं चढली. शेवंता होती. किसननानांना दोघांनी उचलून वर घेतलं. बाळासाहेब स्वतःच्या मोटरसायकलवर पुढे. काही वावगं निघालं तर जागेवरच हरकत घ्यायची, असं ते सांगून निघाले होते. आक्का पुढे गौतमशेजारी बसल्या. धुतलेलं नऊवारी, भुवया पहिल्यांदाच काळ्या. मी ओळखलंच नाही.

सभागृह भरलेलं होतं. आमच्या आधी पाच-सहा पिच्चर झाले. सगळे चकचकीत. प्रत्येकाच्या शेवटी संदेश होता. मग अंधार झाला आणि पडद्यावर तांबूस धुकं आलं. आवाज म्हणाल तर गिरणीच्या पट्ट्याचा, दुसरं काही नाही. धुक्यातून एक काळा ठिपका पुढे आला. त्याला पाय फुटले. उजवा पाय आला. थांबला. मग कंबरेतून हिसका.

"आरं!" अंधारात किसननाना ओरडले. "ह्यो मीच की!"

सगळं सभागृह हसलं. नाना उभेच राहिले. "आसा चालतो म्या? आं? आसा?"

"आसाच चालताय नाना, बसा खाली," शेवंता म्हणाली, आणि तेवढ्यात पडद्यावर डोक्यावर ओझं घेतलेली, न हलणाऱ्या मानेची बाई आली. शेवंताने दोन्ही हात तोंडावर घेतले. मग तिने हळूच आपली मान चाचपून बघितली, हे मी पडद्याच्या उजेडात बघितलं. गौतम उडी मारून आला आणि दोन फुकटच्या उड्या मारल्या. टेम्पोतली माणसं "गौतम! गौतम!" करायला लागली. आता प्रत्येक ठिपक्याला नाव मिळत होतं. ठिपक्याला पाय फुटायचा अवकाश, की आमच्या रांगेतून आरोळी. भोरची माणसं, परीक्षक, पुण्याहून आलेली पोरं, यांनी आमच्यातल्या कुणाला कधी बघितलेलं नव्हतं. पण पाचव्या माणसापर्यंत तीही आमच्याबरोबर अंदाज बांधायला लागली. आणि मग पोट पुढे काढून, दोन्ही हात मागे बांधून एक ठिपका आला, आणि सगळं विंझर एका आवाजात ओरडलं, "बाळासाहेब!"

बाळासाहेब शेवटच्या रांगेत होते. ते हळूहळू उभे राहिले. सगळ्या सभागृहाने मागे वळून बघितलं. पडद्यावरचं पोट आणि उभं असलेलं पोट, दोन्ही तंतोतंत एक. बाळासाहेबांनी क्षणभर विचार केला, आणि हात जोडून चारी दिशांना नमस्कार केला. टाळ्या थांबेनात. त्यांना निवडून आल्यावरसुद्धा एवढ्या मिळाल्या नव्हत्या.

सगळ्यात शेवटी एक माणूस पाठमोरा चालत जाताना दिसला. त्याला कुणी ओळखलं नाही. भराभर लांब जात होता, लहान लहान होत होता. मग तो थांबला. गिरणीचा आवाजही थांबला. वळला नाही, नुसता उभा राहिला. कुणीतरी कुजबुजलं, "ह्यो कोण?" आणि धुकं विरून पडदा पांढरा झाला.

पहिले उभे राहिले ते निनादसर. त्यांच्यामागे सभागृह. "परत लावा!" नाना ओरडले, आणि आयोजकांना पिच्चर खरोखर परत लावावा लागला. मग बक्षीस वगैरे झालं. पहिलं आमचंच. दुसऱ्या कुणाला देतील! आक्कांना वर बोलावून दोन शब्द बोला म्हणाले. आक्कांनी माईककडे बघितलं, मग आमच्या रांगेकडे. म्हणाल्या, "ज्येंनी ज्येंनी चालून दाखिवलं, त्येंचा पिच्चर हाय ह्यो. आन काच मेडिकलची हाय." आणि खाली उतरल्या. निनादसर त्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, "आक्का, त्या गुडघ्याबद्दल माफी." परतीच्या वाटेवर टेम्पोत बाळासाहेबही होते, मोटरसायकल दुसऱ्याला देऊन. नसरापूरपासून विंझरपर्यंत ते 'आमची गिरण, आमची गिरण' असंच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दळणाच्या डब्यांची रांग माझ्या दुकानाच्या दारावरून पुढे गेली होती. मला आत जायला वाट नव्हती. दुसऱ्या गावी गेलेले सगळे परत आलेले. आणि एकेक जण असा चालत येत होता, की बघत राहावं. ज्याची त्याची चाल दुपटीने ज्याची त्याची झालेली. आक्का ओरडत होत्या, "साधं चाला रं! पिच्चर झाला आता!" दहाच्या सुमाराला लाईट गेली. माणसं डबे ठेवून चहाला पांगली, आणि बऱ्याच दिवसांनी भिंतीपलीकडून हाक आली. "अवं मेडिकल, चा घेता का?"

मी गेलो. आक्का काच पुसत होत्या. मी विचारलं, "आक्का, तो शेवटचा कोण?"

त्यांनी कोपऱ्यातली नाचणी कुंचल्याने मध्ये ओढली. म्हणाल्या, "मालक."

"मग पाठमोरे का?"

"मग कसं काडू? बाकीच्यांना म्या समोरनं येताना बगितलं. त्येंना कदी समोरनं बगितलंच न्हाई चालताना. लगीन झाल्यापासनं कुठंबी जायचं तर त्ये म्होरं आन मी मागं. वेल्ह्याच्या बाजाराला, शेतावर, जत्रंला. लई भरभर चालायचं. मला त्येंच्या टाचा तेवड्या ठावं. तुमी त्येंची टाच दावा, मी लाखात वळखीन."

"मागे वळून बघायचे?"

"छ्या. 'येतीस न्हवं?' म्हणून आवाज द्यायचं, पर पाय थांबत नव्हतं. एकडाव माझ्या पायात काटा मोडला, तर मी खाली बसलीया आन त्ये वळणापल्याड. माणूस वाईट नव्हता हां. सवयच तसली."

चहा निवत होता. मी म्हटलं, "पिच्चरमध्ये थांबलेत."

"पिठाला काय," आक्का म्हणाल्या, "सांगंल तसं ऐकतंय."

मग त्यांनी आपणहून सांगितलं, की मालकांच्या चालण्याची चित्रं दोन दुपारींत झाली. थांबण्याला मात्र दीडशे चित्रं लागली. मला हे पटेना. मीच त्यांना अ‍ॅप शिकवलेलं. म्हटलं, "आक्का, थांबलेल्या माणसाला दीडशे चित्रं कशाला? एकच काढायचं आणि तेच धरून ठेवायचं. तशी सोय आहे त्यात."

"केलं की आधी तसंच." आक्कांनी कुंचला खाली ठेवला. "पर त्ये थांबल्यालं दिसंना, मेडिकल. गेल्यालं दिसाया लागलं. जित्तं माणूस थांबलं तरी आक्षी उगी ऱ्हातंय का? खांदा खाली-वर व्हतोय, ह्या पायावरनं त्या पायावर व्हतंय. म्हणून मंग दर डावाला पुसलं आन तितंच परत काडलं. दीडशे डाव."

मी बोटांवर हिशेब केला. "दीडशे म्हणजे साडेबारा सेकंद होतात, आक्का."

"लई झालं," आक्का म्हणाल्या. "तेवड्यात गाठती की मी त्येंना."